सुई टोचल्यानंतरचा अर्धा तास

२०२३ सालच्या श्रावणातली गोष्ट. आमची दुसऱ्या वेताची म्हैस व्यायला तीन आठवडे झाले होते. वेळेला सहा लिटर दूध द्यायची. डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलावर घरचा किराणा आणि पोरांच्या फीची जुळणी चाललेली. एका पहाटे धार काढायला बसलेल्या वहिनींनी गोठ्यातून हाक मारली, "भावजी, जरा हिकडं या. मागचं डावं सड दगडावानी लागतंय. धारंत कवड्या येत्यात."

आपल्याकडे या दुखण्याला दगडी म्हणतात. डॉक्टरांचा फोन लागेना. तेव्हा पलीकडच्या गावात बॅग घेऊन फिरणारा एक जण आहे, त्याला बोलावले. त्याने पांढऱ्या भुकटीच्या बाटलीत पाणी घालून ती हलवली, म्हशीच्या पुठ्ठ्यात सुई मारली, पैसे खिशात घातले आणि मोटारसायकलला किक मारून गेला. चहालासुद्धा थांबला नाही. आम्हाला वाटले, कामाचा माणूस दिसतो.

पाच मिनिटे झाली नसतील, म्हशीची कातडी थरथरू लागली. माशी उडवल्यासारखी आधी खांद्यावर, मग सगळ्या अंगावर. डोळ्यांच्या पापण्या सुजल्या. तोंडातून लाळेची तार लागली. मान लांब करून, नाकपुड्या फुगवून ती श्वास ओढू लागली आणि बघता बघता गुडघ्यावर आली. घरात एकच गोंधळ. आईने लिंबू उतरवले. चुलते म्हणाले, "गूळपाणी पाजा, पित्त चढलंय." कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. वहिनी तेवढ्या शहाण्या. त्यांनी फोन सोडला नव्हता. चौथ्या खेपेला डॉक्टर सापडले, शेजारच्या वाडीवर होते. त्यांनी फोनवरूनच सांगितले, "तोंडात काही घालू नका. आडवी पडू देऊ नका. बाटली फेकू नका. निघालोच."

पंचवीस मिनिटांत ते आले. काचेच्या छोट्या कुपीतले औषध भरून टोचले, मागून आणखी दोन औषधे दिली, आणि मग काही न बोलता म्हशीच्या डोक्याशी बसून राहिले. पाऊण तासाने ती उठली. डॉक्टर ओट्यावर येऊन टेकले. हात धुता धुता त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हे औषध हिला याआधी कधी दिलं होतं?"

तेव्हा आठवले. पहिल्या वेताला वार अडकून ताप आला होता, त्या वेळी असलीच भुकटीची बाटली दिली होती. त्या रात्री तिच्या मानेवर आणि पोटावर रुपयाएवढ्या गांधी उठल्या होत्या. आम्ही म्हटले, किडा चावला असेल. सकाळपर्यंत गांधी बसल्या आणि विषयही बसला.

"ती सूचना होती," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही वाचली नाही, एवढंच."

वावडे म्हणजे काय

एखाद्या माणसाला वांगे चालत नाही, एखाद्याला शेंगदाणा. तसेच एखाद्या जनावराला एखादे औषध चालत नाही. पेनिसिलीन आणि त्याच्या गणगोतातली औषधे या बाबतीत विशेष लक्षात ठेवावी लागतात. बहुधा पहिल्या खेपेला काही होत नाही, किंवा थोड्याशा गांधी उठून भागते. पण शरीर ते औषध परके म्हणून ओळखून ठेवते, आणि पुढच्या खेपेला शत्रू आल्यासारखे एकदम उसळते. गाई-म्हशींत या उसळीचा मारा मुख्यतः फुफ्फुसावर बसतो, म्हणून श्वास लागतो. पापण्या, ओठ, शेपटीखालची जागा सुजते, अंगावर गांधी येतात, लाळ गळते, तोल जातो.

हे सगळे सुई टोचल्यापासून काही मिनिटांत ते अर्ध्या तासात दिसते. म्हणून जो कोणी सुई देईल त्याला अर्धा तास बसवून घ्यावे. चहा द्यावा, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात, पण हलू देऊ नये. तो थांबणार नसेल तर घरातल्या एकाने तरी जनावरासमोर बसावे. इंजेक्शन देऊन लगेच जनावर रानात सोडणे तर मुळीच नको. तिकडे बांधाआड ते पडले तर कुणाला कळणार?

आणि पडलेच, तर हाताशी काय करायचे? दावे आणि वेसण ढिली करावी. जनावर छातीवर बसते राहील असे दोन्ही अंगांना भुसकटाची पोती किंवा कडब्याच्या पेंढ्या लावून टेकू द्यावा. कुशीवर आडवे झाले की पोट फुगते आणि श्वास आणखी कोंडतो. तोंडात पाणी, तेल, ताक, गूळ काहीही ओतू नये. त्या वेळी जनावराला नीट गिळता येत नाही, आणि ओतलेले सरळ फुफ्फुसात जाते. वावड्यातून वाचलेले जनावर पुढे आठ दिवसांनी अशा पाजण्याने गेलेले मी पाहिले आहे. सावली करावी, माणसांची गर्दी हटवावी, बाटली डॉक्टरांसाठी राखावी. यावरचा खरा उतारा ॲड्रेनॅलिन. तो डॉक्टरांच्या पेटीत असतो, आपल्या फडताळात नसतो, आणि नसावा. आमच्या म्हशीला वाचवले ते त्या कुपीने. डॉक्टर उचलेनात तर १९६२ या क्रमांकावर फोन करावा, शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी तो आहे.

गाभण जनावर असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावे. अशा वेळी देण्यात येणाऱ्या औषधांपैकी डेक्सामेथासोनसारख्या औषधाने भरत आलेली गाभण गाय गाभडू शकते. जीव वाचवायला कधी तेही द्यावे लागते, पण तो हिशेब डॉक्टरांनी जाणून करावा.

सगळेच वावडे नव्हे

डॉक्टर पहिल्या दिवशी येतात, सुई देतात, आणि पुढच्या तीन-चार दिवसांच्या सुया पुष्कळदा घरच्या माणसाच्या किंवा गावातल्या जाणत्याच्या हातात येतात. डॉक्टर एक आणि गावे पंधरा, त्यांनी तरी काय करावे? पण या पुढच्या सुयांतून उद्भवणारी निम्मी दुखणी वावड्याची नसून हाताची असतात.

पहिली चूक जागेची. आपला हात सवयीने पुठ्ठ्याकडे जातो, कारण तिथे मांस दिसते आणि माणूस शिंगांपासून लांब राहतो. पण पुठ्ठ्यातूनच मागच्या पायाची मोठी नस उतरते. वाळक्या जनावरात किंवा वासरात सुई तिथे चुकली तर पाय ओढू लागतो, आणि असा पाय कधी महिनोन्महिने सुधरत नाही. जागा घ्यावी मानेची. खांद्याच्या लगेच पुढे तळहात ठेवावा; वर मानेची ताठ दोरी लागते, खाली मणक्याचे हाड, त्यांच्यामध्ये जो मांसल भाग येतो तो. त्याच्याही खाली गळ्याच्या पन्हाळीत मोठी शीर असते, तिकडे जाऊ नये. मोठ्या जनावराला १६ किंवा १८ नंबरची दीड इंची सुई पुरते. जनावर नीट जखडून, जागा पुसून, सुई टोचावी आणि औषध ढकलण्याआधी दट्ट्या थोडा मागे ओढून बघावा. सिरिंजमध्ये रक्त आले तर सुई शिरेत गेली. काढावी आणि दुसरीकडे टोचावी.

हे रक्त बघणे म्हणजे डॉक्टरी नखरा नव्हे. भुकटीच्या पेनिसिलीनमध्ये बहुधा प्रोकेन नावाचे द्रव्य जोडलेले असते. त्यामुळे औषध मांसात हळूहळू सुटते. तेच चुकून शिरेत गेले तर जनावर काही क्षणांत बिथरते, उड्या मारते, झटके देते. त्या वेळी पुढे होऊन धरायला जाऊ नये. लांब उभे राहावे, नाही तर माणूसच जायबंदी व्हायचा.

दुसरी चूक एकाच जागी सगळे ओतण्याची. मधाच्या रंगाचे ऑक्सिटेट्रासायक्लिन आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. हे औषध मांसाला चावते. त्यातला जो लांब पल्ल्याचा प्रकार येतो, एका मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅमचा, तो दर दहा किलो वजनाला एक मिलिलिटर या मानाने द्यायचा असतो. आता वजन कसे काढायचे? पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजावा. खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाशी असलेल्या हाडापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणून मग लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. अंदाजे किलो निघतात. ६६ इंच घेर आणि ५४ इंच लांबीची गाय म्हणजे सुमारे ३५६ किलो. तिला या औषधाचे पस्तीस मिलिलिटर झाले. एका जागी दहापेक्षा जास्त घालू नये, म्हणजे चार जागा. आपण काय करतो? चार वेळा टोचायचा कंटाळा म्हणून एकाच ठिकाणी रिकामे करतो, आणि दुसऱ्या दिवशी नारळाएवढी गाठ आली की औषधाला शिव्या देतो. नाही तर कंटाळ्याने दहाच मिलिलिटर देतो, आणि गुण आला नाही म्हणून डॉक्टरला शिव्या देतो.

गाठ आली तर घाबरू नये, पण ओळखायला शिकावे. औषधाच्या चावण्याने आलेली सूज दुसऱ्या दिवसापर्यंत येते, दुखते, आणि हळूहळू उतरते. कोमट पाण्यात मीठ घालून फडक्याने शेकले तर जनावराला आराम पडतो. घाणेरड्या सुईने आलेली गाठ मात्र आठवड्यानंतरही वाढतच राहते, मध्ये मऊ पडते, जनावराला ताप येतो. तो पू असतो. तो घरच्या वस्तऱ्याने फोडू नये. आणि तिसरी सूज सगळ्यांत वाईट. झपाट्याने पसरते, दाबली की हाताखाली फऱ्या रोगात लागते तशी चरचर लागते. तिथे तास मोजावेत, दिवस नव्हेत. ताबडतोब डॉक्टर.

शिरेतून औषध देणे हे तर आपले कामच नव्हे. ऑक्सिटेट्रासायक्लिन शिरेतून भरभर सोडले तर ते रक्तातला कॅल्शियम धरून ठेवते, हृदयाचे ठोके बिघडतात आणि उभे जनावर खाली कोसळते. हृदय धड चालायला रक्तात कॅल्शियम लागतोच. त्याच कारणाने कॅल्शियमच्या बाटलीत हे औषध मिसळून चढवायचे नसते. जाणता डॉक्टर ते थेंबाथेंबाने, घड्याळाकडे बघत देतो. "किती वेळ लावतोय हा माणूस" असे मनात आले तर समजावे, बरोबर लावतोय.

गोळ्यांचेही असेच आहे. माणसाच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या भाकरीत घालून मोठ्या गाईला चारणारे महाभाग आहेत. गाईच्या पोटात चारा पचवणारे कोट्यवधी जंतू नांदत असतात, तेच तिचे खरे आचारी. गोळी आधी त्यांनाच मारते. रवंथ थांबते, शेण पातळ होते, दूध आटते. सुईवाटे दिलेल्या औषधानेही दोन दिवस चारा कमी होऊ शकतो, पण गोळ्यांइतका घोटाळा सहसा होत नाही. जुलाबाने सुकलेल्या वासराला जेन्टामायसिनसारखे औषध द्यायचे असेल तर आधी त्याच्या अंगात पाणी भरावे लागते, नाही तर ते मूत्रपिंडावर बसते. मुदत संपलेले टेट्रासायक्लिनही मूत्रपिंडाला घातक. फडताळातल्या जुन्या बाटल्या आज काढा आणि बघा.

दही का लागले नाही

आता त्याच म्हशीकडे परत येऊ. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दुसऱ्या जातीचे औषध सुरू केले. जाताना बजावले, "दूध घालायचं नाही, खायचं नाही." डेअरीला आम्ही नाही घातले. पण आईचा जीव तुटत होता. चांगल्या तीन सडांचे दूध टाकायचे कसे? तिने गुपचूप तांब्याभर तापवून विरजण लावले. सकाळी बघते तर भांड्यात तसेच पातळ दूध. दोन दिवस असे झाले. आईने आधी विरजणाला, मग श्रावणातल्या गारठ्याला, शेवटी शेजारणीच्या नजरेला दोष दिला. वहिनींनी हळूच सांगितले, "आत्याबाई, म्हशीला दिलेलं औषध आहे ते. दही लावणारे किडेच मेले त्यात."

तेवढ्यावर आईला पटले. आजवर ज्याला ज्याला हे समजावायचे होते त्याला मी ही तांब्याची गोष्ट सांगतो. औषध रक्तातून चारही सडांत उतरते. एकाच सडात ट्यूब भरली तरी बाकीच्या तिघांचे दूध चालत नाही. उकळल्याने बहुतेक औषधे जात नाहीत. एका घरचे असले दूध संस्थेच्या कॅनमध्ये गेले की ते सगळ्या गावच्या दुधात मिसळते. ते पिणाऱ्यांत पेनिसिलीनचे वावडे असलेला एखादा माणूस असतोच. शिवाय असे थोडे थोडे औषध पोटात जात राहिले तर माणसाच्या अंगातले जंतूही त्याला सरावतात. पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली ते सापडले आणि १९४५ साली नोबेल मिळाले. त्या पारितोषिकाच्या भाषणातच त्यांनी बजावले होते की, अपुऱ्या मात्रेला तोंड दिलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून चार दिवसांच्या सुया सांगितल्या असतील तर दुसऱ्या दिवशी जनावराने चारा खाल्ला तरी चारही द्याव्यात.

दूध किती दिवस टाकायचे हे बाटलीवर लिहिलेले असते. २०१२ साली औषधांच्या नियमांत बदल करून ते छापणे बंधनकारक केले आहे. ज्या औषधासाठी मुदत ठरवून दिलेली नाही, तिथे दूध कमीत कमी सात दिवस आणि मांस अठ्ठावीस दिवस वापरायचे नाही, असा तो नियम सांगतो. दिवस शेवटच्या सुईपासून मोजायचे, पहिल्यापासून नव्हे. वासरालाही ते दूध पाजू नये.

सात दिवसांचे दूध म्हणजे आमच्या म्हशीचे ऐंशी लिटरच्या वर. दुभत्या जनावरावर जगणाऱ्या घराला हे किती जड जाते ते मला कुणी सांगायला नको. म्हणूनच विनाकारण सुई मारून घेऊ नये असे मी म्हणतो. तिवा, लाळ्या-खुरकत, २०२२ साली आपल्याकडे गोठेच्या गोठे आजारी पाडणारा लम्पी, हे विषाणूंचे रोग. प्रतिजैविक त्या विषाणूला मारत नाही. जखमा चिघळल्या, छाती भरली, तर डॉक्टर त्यासाठी देतात, ते वेगळे. पण ताप दिसला की "एक सुई मारून टाका" हा आपलाच आग्रह असतो, आणि बॅगवाला तो मोडत नाही. त्यात पैसे असतात.

तापाच्या सुईवरून आणखी एक. जनावरांसाठी डायक्लोफेनॅक २००६ सालापासून बंद आहे. ते दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. आपल्या आकाशातून ती अशीच गेली. २०२३ साली ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनही जनावरांसाठी बंद झाले. मेलॉक्झिकॅम चालते. बॅगेतून काय निघते ते नाव वाचून घ्यायला पोरांना सांगावे, ती शाळेत जातात.

भिंतीवरचे अक्षर

त्या दिवशी डॉक्टरांनी जाण्यापूर्वी दोन गोष्टी करून घेतल्या. शंभर पानी वहीत प्रत्येक जनावराला एक पान दिले. तारीख, दुखणे, औषधाचे नाव, किती मिलिलिटर, कोणत्या बाजूला टोचले, काही त्रास झाला का, दूध कधीपासून चालू केले. आणि म्हशीच्या दावणीच्या वर भिंतीवर लाल रंगाने लिहिले: "हिला पेनिसिलीन नको." त्याखाली बारीक अक्षरात ॲम्पिसिलीन, अमॉक्सिसिलीन आणि क्लॉक्सासिलीन ही नावे. ही सगळी एकाच घराण्यातली. दगडीसाठी सडात भरायच्या पुष्कळ ट्यूबांत हीच असतात, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते. म्हैस कधी विकली तर घेणाऱ्याला हे सांगायचे, असेही बजावले. बाजारात असे सांगितले तर दोन-चार हजार कमी येतील, असे चुलते पुटपुटले. डॉक्टर काही बोलले नाहीत.

२०२५ च्या पावसाळ्यात तिला पुन्हा दगडी झाली, या वेळी पुढच्या उजव्या सडाला. दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते, त्यांना म्हशीचा इतिहास माहीत नव्हता. पेटीतून ट्यूब काढून ते खाली वाकले, मग भिंतीकडे बघून थांबले, आणि ट्यूब परत ठेवून दुसरे औषध काढले. सुई मानेत दिली. आई चहा घेऊन आली आणि त्यांच्यापुढे पाट टाकून म्हणाली, "बसा डॉक्टर. अर्धा तास बसायचं असतं आमच्याकडं."

ते बसले. वहिनींनी खडूने दावणीच्या खांबावर पहिली रेघ मारली. शेवटच्या सुईनंतरच्या सात रेघा पुऱ्या होईपर्यंत त्या वेताचे दूध उकिरड्याशेजारच्या खड्ड्यात गेले, आणि आठव्या दिवशी आईने विरजण लावले.